परड्यातल्या पाखरांचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने आम्हांला वाटेतच अडवले आणि विचारले, "काय अण्णा, बोनसचं सगळं मिटलं व्हय, म्हणून आता चिमण्या धरल्यासा?" भर रस्त्यात त्याला उत्तर देणे जमले नाही, म्हणून ते येथे देतो. परड्यात दाणे टाकून पाखरे पाहत बसणे हा रिकामपणाचा उद्योग आहे, असे त्याला म्हणावयाचे होते, आणि त्याचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. या उद्योगाला रिकामा वेळ लागतो. तो वेळ कोणाला होता, कोणाला नव्हता, आणि नव्हता त्यांना तो कसा मिळाला, हाच आमचा आजचा विषय. पाखरांना दाणा घालणे आपल्याकडे फार जुने आहे. दाणा टिपणाऱ्या पाखराकडे नीट पाहणे मात्र अलीकडचे आहे.

आपल्या शहरात माणसे एखाद्या पाखराकडे डोळ्यांत प्राण आणून पाहतात अशी जागा म्हणजे पंचगंगेचा घाट. दहाव्या दिवशी पिंड मांडला जातो, सगळे नातेवाईक चार पावले मागे सरतात, आणि मग अर्धा अर्धा तास कोणी बोलत नाही. कावळा शिवला तर मृताची इच्छा पुरी झाली, न शिवला तर काही राहिले. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातल्या कामगाराच्या दहाव्याला आम्ही असेच उभे होतो. त्याचे ग्रॅच्युइटीचे पैसे मालकाने अडकवून ठेवले होते. कावळे झाडावर बसून होते, खाली उतरत नव्हते. शेवटी त्याची आई आमच्याकडे वळून म्हणाली, "बाबा, आता तुम्हीच सांगा त्याला." आमचा अशा गोष्टींवर विश्वास नाही. तरीही आम्ही हात जोडून मोठ्याने म्हणालो, "तुझे पैसे घरात आणून देतो, काळजी करू नकोस." कावळा आला. तो लोक आणखी दोन पावले मागे सरले म्हणून आला, असे आमचे अजूनही मत आहे. ग्रॅच्युइटीचा कायदा 1972 सालचा. त्या कायद्याने मिळावयाचे पैसे त्या घरात यायला पुढे अडीच वर्षे लागली.

पण सांगावयाचे ते वेगळेच. त्या अर्ध्या तासात आमच्या ध्यानात आले की झाडावरचे कावळे एका जातीचे नाहीत. काहींची मान राखाडी होती, तो गावकावळा. एक मात्र सबंध काळा, जाड चोचीचा होता, तो डोमकावळा. पिंडाला शिवला तो हा दुसरा. आम्ही शेजारच्या माणसाला हे हळूच दाखवले, तर तो म्हणाला, "कावळा तो कावळा." जन्मभर घाटावर कावळ्याची वाट पाहणाऱ्या माणसांनी कावळा पाहिलेलाच नव्हता! आम्हीही वयाची पंचेचाळीस वर्षे उलटेपर्यंत पाहिला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

याचे कारण उघड आहे. आपल्याकडे पाखराला घातलेला दाणा पाखरासाठी नसे, तो पुण्यासाठी किंवा पितरांसाठी असे. भाद्रपदात पितृपक्षात काकबळी ठेवायची, पान ठेवले की पाठ फिरवायची. आमच्या लहानपणी पेठेतल्या कौलारू घरांत सुगी झाली की जोंधळ्याची दोन-चार कणसे सोप्याच्या तुळईला टांगलेली असत. कोकणात नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधून 'नवे' करतात, त्यांचेही दाणे शेवटी चिमण्याच टिपतात. परड्यात न्हाणीच्या दगडाशी आई सूप पाखडायची, आणि कण्या, फोलपटे, किडका दाणा तिच्या पायांशीच चिमण्या वेचत. तिने त्यांना हाकलले नाही आणि बोलावलेही नाही. सकाळी पाणी भरून, भाकऱ्या थापून, आमचे डबे भरून ती दुसऱ्यांच्या घरी भांड्याला जायची. तिने कुठल्या चिमणीचा गळा काळा आणि कुठलीचा नाही, हे कधी आणि कशासाठी पाहावे? (काळ्या गळ्याचा तो नर, हे आम्हांला पुस्तकातून कळले.)

आणि हाच माणूस शेतात गेला की हातात गोफण घेऊन माळ्यावर उभा राही. दारात चिमणीला कणीस बांधणारा आणि शेतात तिलाच खडा मारणारा एकच. यात ढोंग नाही, हिशेब आहे. 2018 साली शास्त्रज्ञांनी चिमणीच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले की माणसाजवळ राहणारी चिमणी सुमारे 11,000 वर्षांपूर्वी, म्हणजे पश्चिम आशियात शेती सुरू झाली त्या सुमारास, आपल्या रानटी भाऊबंदांपासून वेगळी झाली. तिच्या कवटीची ठेवण बदलली आणि पिठूळ धान्य पचविण्याशी संबंधित असलेल्या जनुकातही बदल झाला. म्हणजे आपण धान्य पेरावयास शिकलो आणि ती ते पचवावयास शिकली. इतका जुना वाटेकरी दुसरा कोणता आहे?

आता पाहणाऱ्यांकडे वळू. दख्खनच्या पाखरांची पहिली मोठी शास्त्रीय यादी केली ती कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने. तो 1824 पासून मुंबई सरकारचा माहिती गोळा करणारा अधिकारी म्हणून आपल्या मुलखात फिरला, आणि 1832 साली त्याने लंडनमध्ये ही यादी प्रसिद्ध केली. ओढ्याकाठी ध्यान लावून बसणारी आपली ढोकरी आहे ना, तिचे शास्त्रीय नाव त्यानेच ठेवले. पुढे 1880 च्या सुमारास बेळगावच्या छावणीतल्या कॅप्टन बटलरने दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखाच्या पाखरांची यादी केली. ही माणसे कष्टाळू होती, त्यांचे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांचे पाहणे बंदुकीच्या नळीतून होते. पाखरू पाडावयाचे, त्यात कापूस भरावयाचा, पंख मोजावयाचे, अशी त्या काळची रीतच होती. आपल्या संस्थानातही पाहणे म्हणजे शिकार. कोल्हापूरच्या दरबारी चित्ते पाळून हरणांची शिकार चाले, हे तुम्ही जाणताच. पाखरांचे खरे बारकावे ठाऊक होते ते फासेपारध्यांना. कोणत्या गवतात लावे, कोणत्या बांधाला तित्तर, कोणत्या शिळेला कोणते पाखरू उत्तर देते, हे त्यांच्याइतके कोणाला कळत होते? त्यांना इंग्रज सरकारने गुन्हेगार ठरवले. शाहू महाराजांनी त्यांना कामावर घेतले, याबद्दल महाराजांना द्यावा तितका मान थोडाच. पण त्यांचे ज्ञान कोणी लिहून घेतले नाही.

बंदूक खाली ठेवून परड्यात पाहणारा पहिला मोठा लेखक आपल्या शेजारचाच निघाला. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हा 1851 साली साताऱ्यास एका मिशनऱ्याच्या घरी जन्मला. काही वर्षे त्याने पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवले, आणि 1876 साली तो जकात आणि मीठ खात्यात नोकरीस लागला. मिठागरांची नाकी तपासत गावोगाव मुक्काम करावयाचा, असे त्याचे काम. बंगल्याच्या व्हरांड्यात बसून त्याने उंदीर, मुंग्या, कावळे, सरडे, चिमण्या यांना आपल्या सरहद्दीवरच्या टोळ्या कल्पून 1883 साली एक पुस्तक लिहिले. 1900 साली मुंबईच्या नेहमीच्या पाखरांवर दुसरे लिहिले. त्याच्या लिखाणात साहेबी थट्टा आहे, नोकरांविषयीचे काही शेरे आज वाचवत नाहीत. पण घरात बसून, काही न मारता, रोज तेच पाखरू पाहिले तरी काहीतरी नवे दिसते, ही गोष्ट त्याने आपल्या मुलखात ठसवली.

त्याच 1883 सालच्या 15 सप्टेंबरला मुंबईत आठ जणांनी मिळून नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यांत एटकिन होता, आणि दोन आपली माणसे होती: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग म्हणजे 1867 साली प्रार्थना समाज स्थापन करणाऱ्यांतले अग्रणी, आणि सखाराम अर्जुन म्हणजे ज्यांच्या सावत्र मुलीने, रखमाबाईने, बालपणी लावलेले लग्न नाकारून कोर्टात झुंज दिली, ते डॉक्टर. समाजाकडे उघड्या डोळ्यांनी पाहणारी माणसे पाखराकडेही पाहू शकली, याचे आम्हांला नवल वाटत नाही. पण आठही जण साहेब नाहीतर डॉक्टर. संध्याकाळी घरी येऊन खुर्चीवर बसता येईल अशी ही माणसे. गिरणीतला साचेवाला त्यांत असणे शक्यच नव्हते.

का शक्य नव्हते, ते पुढच्याच वर्षी दिसले. 1884 च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. त्यातली एक मागणी होती, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. तेव्हा गिरणी उजेड आहे तोवर चाले, म्हणजे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. पाखरे दिसण्याची वेळ तीच, हे लक्षात घ्या. कामगार घराबाहेर पडे तेव्हा पाखरू उठलेले नसे, आणि परते तेव्हा ते झाडावर जाऊन झोपलेले असे. पुढे सहा वर्षे अर्ज, सभा, 'दीनबंधु'तले लेख असे चालले. 1890 च्या एप्रिलात दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि त्या वर्षी 10 जूनला गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी उशिरा उठतो तेव्हा ही तारीख कोणाला आठवत नाही.

योगायोग असा की त्याच 1890-91 च्या हिवाळ्यात इंग्लंडात भयंकर थंडी पडली, पाखरे गोठून मरू लागली, आणि तिकडच्या वर्तमानपत्रांनी लोकांना आवाहन केले की घराबाहेर पावाचे तुकडे ठेवा. लोकांनी ते मनावर घेतले. पुढे वीस वर्षांत, 1910 साली, 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने पाखरांना चारणे हा राष्ट्रीय छंद झाल्याचे लिहिले. एकीकडे भाकरीचा तुकडा टाकणारी माणसे तयार झाली, दुसरीकडे तो टिपणारे पाखरू पाहावयास एक दिवस मोकळा झाला. अर्थात आमच्याकडे तो दिवस कपडे धुणे, दळण आणणे आणि गावी जाणे यांत जाई. दिवसाचे बारा तास 1911 च्या कायद्याने, अकरा 1922 च्या, दहा 1934 च्या, नऊ 1946 च्या दुरुस्तीने, असा एक एक तास ओढून आणावा लागला. संस्थानांतल्या गिरण्यांकडे तर हे सगळे आणखी सावकाश पोचले. आमची शाहू मिल 1906 ची. तिच्या भोंग्यावर निम्म्या कोल्हापूरची सकाळ होत असे.

सालीम अलींची गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. 1908 साली त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिचा गळा पिवळा निघाला, मामांनी त्यांना सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे पाठवले, आणि पोरका मुलगा जगप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ झाला. त्याआधी याच मुलाने तबेल्यातल्या घरट्याशी दबा धरून एका आठवड्यात आठ चिमणे मारले होते, आणि दर वेळी मादीने नवा नर आणला, हे टिपूनही ठेवले होते. म्हणजे आपला हा थोर माणूसही सुरुवातीला बंदुकीच्याच वाटेने गेला. आम्हांला या गोष्टीहून अधिक ओढ आहे ती त्यांच्या बेकारीची. ते मुंबईच्या संग्रहालयात नोकरीला होते. रजा घेऊन जर्मनीस शिकावयास गेले, 1930 साली परत आले, तो पैशाअभावी जागाच रद्द झालेली! आमच्या भाषेत सांगावयाचे तर उच्चविद्याविभूषित माणसाची कपात झाली. मग ते पत्नीसह अलिबागेजवळ किहीमला सासरच्या मंडळींच्या घरी जाऊन राहिले, आणि तेथे आवारातल्या झाडावरची सुगरणींची घरटी रोज निरखत बसले. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तर राहते, मग नर ते पुरे करून देतो आणि बाजूला दुसरे विणावयास घेतो, हे त्यांनी तेथे पाहिले आणि 1931 साली छापले. बंदुकीने हे कधीही कळले नसते. 1941 साली त्यांचे भारतीय पाखरांचे पुस्तक निघाले. आपल्या मराठीत ही नजर रुजवली ती मारुती चितमपल्ली यांनी. सोलापूरच्या गिरणगावात जन्मलेला हा वनाधिकारी 2025 साली गेला. पाखरांची लोकांच्या तोंडची नावे गोळा करून त्यांनी 'पक्षिकोश' केला नसता, तर आज आम्ही येथे इंग्रजी नावेच घेत बसलो असतो.

आता आमच्या चिमणीकडे परत येऊ. लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात आम्ही उमेदीची वर्षे हमालांबरोबर काढली. माथाडी कायदा 1969 साली झाला, पण तो अंगी लागावयास बराच काळ गेला. त्या दिवसांत धान्य तागाच्या पोत्यांतून येई. हमाल आकडा लावून पोते उचली आणि आकड्याच्या भोकातून धान्याची धार लागे. संध्याकाळी बाया येऊन ते मातेरे झाडून नेत, घरी निवडून, धुऊन, वाळवून दळत. दिवसभर त्याच मातेऱ्यावर शेकडो चिमण्या असत. दोघींचे भांडण कधी पाहिले नाही. बाई झाडू मारी तेव्हा चिमण्या वर पत्र्याच्या कडेला बसून राहत, बाई गेली की उतरत. पुढे प्लॅस्टिकची पोती आली, नंतर बंद पिशव्या आल्या, आकडा गेला. हमालाच्या पाठीला थोडे सुख झाले, तेव्हा आकडा गेल्याचे दुःख आम्ही करणार नाही. पण मातेरे संपले, आणि त्या बायाही दिसेनाशा झाल्या, आणि चिमण्याही. बायांचे पुढे काय झाले याची चौकशी करण्यासाठी मात्र कोणी दिवस पाळत नाही.

चिमण्यांसाठी दिवस आहे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेच्या पुढाकाराने 2010 पासून 20 मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. चिमणी संपली, असे त्या दिवशी सर्रास छापून येते. ते तसे खरे नाही. देशभरच्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून 2020 साली जो अहवाल निघाला, त्यात एकूण देशात चिमणी गेली पंचवीस वर्षे बरीचशी टिकून असल्याचे दिसते; मुंबई, दिल्ली, कोलकाता अशा मोठ्या शहरांत मात्र ती घटली आहे. म्हणजे तिने देश सोडला नाही, वस्ती बदलली. कारणे पुष्कळ सांगतात. आमच्या डोळ्यांसमोरचे कारण असे की कौले गेली आणि स्लॅब आली. स्लॅबला वळचण नसते. दुसरे असे की चिमणीच्या पिलांना दाणा पचत नाही, त्यांना अळ्या-किडे लागतात. परड्यात फरशी घातली, शेवगा-पेरू तोडला, की पिलांचा घासच बंद होतो. चीनमध्ये 1958 साली चिमणीला धान्यचोर ठरवून कोट्यवधी लोकांनी थाळ्या बडवून तिला उडत ठेवून मारले. नंतर किडींचा सुकाळ झाला, आणि 1960 साली शत्रूंच्या यादीतून चिमणीचे नाव काढून ढेकणाचे घालावे लागले. कामगारांच्या नावाने चालणारे राज्यही कामगाराच्या सोबत्याला ओळखू शकले नाही, हे आम्ही खेदाने नमूद करतो.

तेव्हा कोणी विचारील, दाणे टाकले की झाले ना? एवढ्याने होत नाही. 2025 साली मुंबईत कबुतरखान्यांवरून जो कलह झाला तो तुम्ही वाचला आहे. पोत्यांनी दाणे ओतणारा भाविक पाखराकडे पाहत नाही, पुण्याकडे पाहतो. आणि त्या ढिगावर वाढलेल्या थव्याच्या विष्ठेची धूळ जवळच्या चाळीतल्या माणसांच्या छातीत जाते. भूतदया आपली आणि फुप्फुसे दुसऱ्याची, हा व्यवहार आम्हांला मान्य नाही. इंग्लंडातही 2005 पासून हिरव्या फिंच पाखरांत घशाचा एक रोग पसरला, त्यात लाखो पाखरे गेली. चाऱ्याच्या भांड्यांजवळ होणारी गर्दी हे त्याच्या फैलावाचे एक कारण ठरले. म्हणून मूठभरच घालावे, सांजेला उरले तर झाडून टाकावे, भांडे रोज घासावे. आपल्या हवेत पाखरू थंडीने मरत नाही. चैत्र-वैशाखात त्याला दाण्याहून पाण्याची ओढ असते. कुंभाराकडून मातीचा परळ आणावा, उथळ पाणी भरावे, आणि मांजराला दबा धरता येणार नाही अशा जागी ठेवावा. दाण्याला चिमण्या, होले, मुनिया येतील, पाण्याला सगळेच येतात.

आमच्या ओळखीचा एक निवृत्त मोल्डर आहे. छत्तीस वर्षे फाउंड्रीत भट्टीसमोर काढली, डोळे अधू झाले, आता परड्यात पेरूखाली स्टुलावर बसतो. पहिल्या महिन्यात त्याला स्वस्थ बसवेना, म्हणून त्याने एक जुना हजेरीपट मिळवला आणि डाव्या बाजूला कामगारांच्या नावांऐवजी पाखरांची नावे लिहिली. चिमणी, बुलबुल, दयाळ, शिंपी, साळुंकी, सातभाई, शिंजीर. महिन्याचे एकतीस रकाने. आले तर हजर, न आले तर खाडा. सातभाई कधी एकटे येत नाहीत, तेव्हा त्यांच्यापुढे तो 'गँग' असे लिहितो. तीन वर्षांचे पट त्याने दोऱ्याने शिवून ठेवले आहेत. बुलबुल कोणत्या महिन्यात जोडीने येऊ लागतात, उन्हाळ्यात पहिली हजेरी किती वाजता लागते, हे सगळे त्यातून सांगता येते. कॉलेजातली दोन मुले ते उतरवून घेण्यासाठी येतात, तेव्हा तो त्यांना आधी पाणी देतो, मग पट दाखवतो.

त्याचा विशेष जीव तांबटावर. दिवसभर टुक टुक करणारा, नावानेच धातूच्या कामाचा सोबती. शेजारच्या शेवग्याच्या वाळक्या फांदीत त्याची ढोली होती. गेल्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा तांबटापुढे सलग अकरा दिवस काहीतरी बारीक अक्षरांत लिहिलेले दिसले. चष्मा लावून पाहिले, तर 'ले-ऑफ'. शेजाऱ्याने मोटार लावण्यासाठी शेवगा तोडला होता. आम्ही विचारले, "ले-ऑफ का? नाव कमी का नाही केलंस?" त्याने पेन्सिलने कुंपणापलीकडचा पांगारा दाखवला आणि म्हणाला, "त्याचीबी एक फांदी वाळलीया. बघूया की."